इपॉक्सी इंदूरचं, मॅट कूलरची

रघुनाथभाऊंची जुनी फायबरची नाव लालबागच्या माझ्या शेडमध्ये उलटी पडली होती आणि मी नाण्यानं तिच्या पोटावर टकटक करत फिरत होतो. चांगलं फायबर खणकन वाजतं. आतले थर सुटले असतील तर भद्द. पुढच्या वळणापाशी भद्द वाजलं.

"सेठ, जरा ध्यानानं. आपली नाव कूलर नाही हं!" रघुनाथभाऊ म्हणाले.

टोमणा बरोबर होता. मी जन्मभर कूलरच्या बॉड्या आणि टाक्या केल्या. नाव पहिलीच. राजघाटावरून माणसं नदीपलीकडे न्यायचा ठेका त्यांच्याकडे होता आणि नगरपालिकेचे इंजिनीअर नाव तपासायला येणार होते. पास झाली तर ठेका राहणार. नाहीतर दुसऱ्याची नाव घाटावर उभीच होती.

म्हणून मी अभ्यास केला, तोही अर्धाच. कूलरला आम्ही पॉलिएस्टर रेझिन, म्हणजे काचेचे थर चिकटवणारा द्रव, वापरतो. जुन्या, कडक झालेल्या फायबरला ते नीट धरत नाही. इपॉक्सी धरतं. मी इंदूरहून इपॉक्सी मागवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला डबा उघडून दाखवला. बायकोलाही दाखवला. "याला वास कमी आहे," एवढंच ती म्हणाली.

डब्याच्या कौतुकात मॅट मात्र शेडमधलीच घेतली. मॅट म्हणजे काचेच्या तुटक धाग्यांची चटई. हे धागे एका चिकट पावडरीनं धरलेले असतात. पॉलिएस्टरमध्ये ती पावडर विरघळते, मॅट मऊ पडते, वळणावर बसते. इपॉक्सीत विरघळत नाही. हे मला नंतर कळलं.

भद्द वाजलेल्या जागी पॅच मारायला घेतला, तर मॅट ताठच राहिली. रोलरनं दाबली की बसायची, हात काढला की उठायची. आत हवा राहून पांढरे डाग पडले.

"सेठ, हे पांढरं पांढरं काय दिसून राहिलं?"

"इपॉक्सी असंच दिसतं, भाऊ."

"पक्कं?"

"एकदम पक्कं." आणि मी वरून निळा रंग मारला.

तपासणीला नाव मधल्या धारेत गेली आणि साहेबांनी दोन्ही पाय वर घेतले. "मिस्त्रीजी, ये नाव है या छलनी?" मी हसलो. रघुनाथभाऊ हसले नाहीत. त्यांनी नाव वळवली. उतरताना माझ्याकडे पाहिलंही नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ठेका गेला. मी पॅच घासून काढला, विणलेलं काचेचं कापड आणून पुन्हा नीट केलं. नाव पक्की झाली, पण नेणार कोणाला? त्यांनी ती फोपनारच्या एका केळीवाल्याला विकली. स्वतः आता दुसऱ्याच्या नावेवर वल्हं मारतात. घाटावर भेटले की "काय सेठ, बरं चाललं ना?" एवढंच विचारतात. कूलरचा टोमणा मारत नाहीत.

रेझिन निवडलंत की त्याला कोणती मॅट चालते तेही विचारा. आणि गिऱ्हाईक "पांढरं दिसतंय" म्हणालं, तर रंगाचा डबा उघडू नका.

परवा फोपनारला गेलो होतो. नाव शेताच्या कडेला विटांवर ठेवलेली, काठोकाठ पाणी भरलेली. त्यात केळी धुणं चाललं होतं. मी वाकून खालून पॅच चाचपला. कोरडा ठणठणीत.

टाकी मला कायमच चांगली जमते.