खळग्यातली माती

माझी मुलगी माती मोजते. कोणी विचारलं की मी असंच सांगते, आणि छाती पुढे काढून सांगते. मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कोणाची लेक अमेरिकेत आहे, कोणाचा जावई बँकेत मॅनेजर आहे. असू देत बापडे. वरसाव्याच्या बाजूच्या एका गवताळ टेकडीवर, मातीत सेंद्रिय कर्ब कुठे किती आहे, हे माझ्या पोरीने शोधून काढलंय.

हा कर्ब म्हणजे काय ते मला तरी कुठे ठाऊक होतं! मी पोळ्या लाटत होते आणि ती ओट्याला टेकून समजावत होती. गवत वाळतं, मुळं कुजतात, त्यातलं जे मातीत मुरून राहतं तो कर्ब. पिठाच्या डब्यासारखं आहे म्हणाली, नुसतं काढत राहिलं आणि भरलं नाही तर तळ दिसणारच. गवताळ जमिनीचा डबा मुळातच उथळ. म्हशी जास्त चरल्या, वणवा लागला, जेसीबी फिरला, की झालं. आणि एकाच टेकडीवर तो सगळीकडे सारखाही नसतो. माथ्यावर नुसता मुरूम. उतार दर उन्हाळ्यात जळतो, तिथली माती काळपट दिसते, पण तो रंग बराचसा राखेचा. पायथ्याला एक खळगा आहे, तिथे वरून वाहून आलेलं सगळं साचतं आणि गवत कमरेएवढं वाढतं. तिथे कर्ब सगळ्यात जास्त असणार असा तिचा अंदाज होता. पण अंदाज कोण विचारतो? मोजायला हवं.

गेल्या वर्षी पाऊस ओसरल्यावर ती तिन्ही जागांची माती घेऊन आली. माती सावलीत वाळवायची असते, म्हणून आम्ही गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली पेपर अंथरून ती पसरली. नेमकी दुसऱ्या दिवशी घटस्थापना. घट बसवायला चांगली काळी माती लागते, त्यात धान्य पेरतात, आणि आमच्या मीरा रोडला माती म्हणजे बाजारातून विकत आणायची वस्तू. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेल्या आणि त्यांना वाटलं, यंदा सोसायटीने सगळ्यांसाठी माती आणून ठेवलीय. मनातल्या मनात कमिटीचं कौतुकही केलं असणार. काकू मूळच्या रायगडच्या, भातशेतीतल्या. मुरूम त्यांनी सोडला, उताराची माती सोडली, आणि खळग्यातली काळीभोर माती परात भरून खाली नेली.

सकाळी खळग्याच्या मातीचा पेपर रिकामा बघून माझं डोकंच फिरलं. शेजारणीकडून प्रकार कळला तशी तरातरा काकूंकडे गेले. बघते तर देवासमोर माती पसरलेली, धान्य पेरलेलं, पाणी शिंपडलेलं, वर कलश, शेजारी दिवा. एकदा बसलेला घट दसऱ्यापर्यंत कोण हलवणार? आणि हलवून तरी ती माती आता मोजायच्या कामाची राहिली नव्हती. मी सांगितलं तशा काकू मटकन खाली बसल्या. चार शब्द सुनवायला गेले होते, ते सोडून मी त्यांना पाणी आणून दिलं.

माझ्या मागोमाग आलेली लेक दारातच उभी होती. तिचा चेहरा एवढासा झाला होता. खळग्याच्या कडेला भरावाचं डेब्रिज पडायला लागलेलं तिने आदल्याच दिवशी पाहिलं होतं. तिच्या प्रबंधाचं सगळं काम त्या खळग्यावर उभं होतं. काकूंनी रडवेल्या आवाजात तोड सुचवली, की उताराची माती आहे ना, तीही काळीच दिसते, तीच घे बाई, शेवटी टेकडी एकच.

"काकू, टेकडी एकच आहे," लेक म्हणाली, "पण माती एक नाही. मला तेच तर दाखवायचंय."

आवाज न चढवता बोलली. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

तशाच रिक्षा करून निघालो. काकूही हट्टाने आल्या. नवरात्रात त्या अनवाणी असतात, आणि वाट माथ्यावरून खाली उतरणारी. मुरमावर बाई अक्षरशः नाचत होत्या, उतारावर जळक्या बुडख्यांनी पाय टोचले, पण चप्पल घालतील तर शपथ. खळग्यात पोचल्यावर मात्र थांबल्या आणि म्हणाल्या, इथे पायाला गादी लागतेय गं.

अर्धा खळगा बुजला होता. उरलेल्यावर रिकामा व्हायला एक डंपर मागे येत होता. काकू माझ्या कानाशी लागल्या, देवीच्या घटाला माती हवी म्हणून सांगू या, लगेच थांबेल. तेवढ्यात लेक गाडीसमोर जाऊन उभी. तिने ड्रायव्हरला हिंदीतून खरं तेच सांगितलं, अगदी कर्बासकट. त्याला किती समजलं देव जाणे. त्याने इंजिन बंद केलं.

"मिट्टी नापनी है? नाप लो, दीदी."

तिने घाईगडबड न करता, नीट मापाने खोदलं. आम्ही दोघी पिशव्यांची तोंडं उघडी धरून उभ्या होतो. आम्ही वर चढेपर्यंत मागे डंपर ओतल्याचा आवाज आला.

तिचा अंदाज खरा ठरला. खळग्यात कर्ब सगळ्यात जास्त निघाला, माथ्यावर सगळ्यात कमी, आणि काळ्या दिसणाऱ्या उतारावर खळग्याच्या मानाने फारच थोडा. प्रबंधाच्या परीक्षकांनी ती जागा बघायची इच्छा दाखवली. आता तिथे ट्रक उभे राहतात, असं तिने सांगितलं.

दसऱ्याला काकू घटातली माती परत घेऊन आल्या होत्या, वर हिरवेगार अंकुर. मोजायला ती निरुपयोगीच, म्हणून मी आमच्या तुळशीत घातली. आता घरी कोणी आलं, की चहाच्या आधी मी त्यांना गॅलरीत नेते. हात लावून बघा, म्हणते. माझ्या मुलीने मोजलेल्या खळग्यातली ही माती आता टेकडीवर बघायला मिळणार नाही.