मंगलच्या मागच्या भिंतीची सहल

लोक दिवाळीआधी मनालीला जातात, केरळला जातात. मी गेल्या वर्षी धाकट्या बहिणीची मागची भिंत बघायला गेले. हसू नका, ही वाट मनालीपेक्षा अवघड आहे.

मंगलचा फोन आला तेव्हा मी खामगावात, घराच्या गच्चीवर चिवड्याचे पोहे उन्हात घालत होते. "ताई, आमची सोसायटी रंगवून राह्यले. पण फक्त समोरून! आमचं घर मागं. भिंत ओली ती ओलीच, अन् ह्यांचा खोकला काही जात नाही. डॉक्टर म्हणते, ओल काढा नाही तं घर सोडा. तू ये अन् मिटिंगमध्ये बोल. तुले बोलता येते."

शेवटचं वाक्य ऐकल्यावर कोण थांबतं? निघाले.

खामगावहून बुलढाण्याची एसटी घ्या. खिडकी हवी असेल तर रुमाल टाकायला एखादा माणूस आधी पाठवा. बोथ्याचा घाट सुंदर आहे. जंगल, वळणं, माकडं, सगळं आहे. फक्त पोटात फार काही नसलेलं बरं. बुलढाण्याला उतरून ऑटो केला. मंगलच्या सोसायटीचं नाव, 'स्वर्गशिखर', घेतल्याबरोबर ऑटोवाल्यानं चालू गाडी बंद केली.

"वरपर्यंत नाही जमत, मावशी. वळणावर सोडतो. पुढं तुम्ही अन् तुमचा देव."

पुढे पायऱ्या. जाहिरातीत त्यांना 'निसर्गाच्या कुशीत' म्हणतात. सपाट चपला घाला आणि पाणी जवळ ठेवा.

इमारत डोंगराच्या कडेला. समोर सरळ दरी, मागे डोंगर. पावसाळ्यात डोंगराचं सगळं पाणी मागच्या भिंतीवर येतं. मंगलच्या खोलीत कपाट भिंतीपासून हातभर लांब ओढलेलं, भिंतीवर काळी बुरशी. तिचे यजमान प्रकाशराव मला पाहून उठायला गेले, तर खोकल्यानं त्यांना पुन्हा खाली बसवलं. माझा जीव कळवळला आणि डोकंही फिरलं.

संध्याकाळी पार्किंगमध्ये मिटिंग झाली. पार्किंग ऐसपैस आहे, कारण गाड्या वर येतच नाहीत. अध्यक्षसाहेब म्हणाले, "वर्गणी एकाच बाजूपुरती जमली, ताई. मग दिसते तीच रंगवावी ना? घाटातून एसटी जाते. लोक खिडकीतून पाह्यतात."

"त्यांना पोटातलं आवरत नाही, ते तुमचा रंग काय पाहतील?" मी म्हटलं.

"इज्जतीचा सवाल आहे हो!"

मी ओल काढली, बुरशी काढली, फुप्फुसं काढली, शेवटी माणुसकीसुद्धा काढली. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि समोरच्या बाजूसाठी हात वर केले. जाताना एक जण म्हणाला, "फार छान बोलल्या ताई." घरी मंगल ताटात झुणका-भाकर वाढता वाढता घर सोडायचं तर भाड्यानं कुठं बघावं, हे विचारायला लागली.

सकाळी डोणगावचा गजू पेंटर आला. काम त्यानं मोबाइलवरच्या फोटोवरून घेतलं होतं. चढून बघायचा कंटाळा त्याला, आणि त्याला चढवायचा समितीला. मागच्या डोंगरावरच्या शेतातल्या कच्च्या वाटेनं ट्रॅक्टरवरून डबे आणि बांबू आले. गजूनं समोरच्या कठड्यावरून खाली वाकून पाहिलं आणि मटकन बसला.

"साहेब, फोटोत तं सपाट दिसून राह्यलं होतं!"

"काऊन, काय झालं?" अध्यक्ष.

"बांबू टेकवू कुठं, हवेत? अन् दोरावर मी लटकत नाही. माह्ये पाय आत्ताच लटलट करून राह्यले. मी दुकानाचे शटर रंगवतो, साहेब!"

दुसरा पेंटर मिळेना. रंग मिसळून झालेला, दुकानदार परत घेईना, दिवाळी तोंडावर. पुन्हा मिटिंग, पुन्हा हात वर. बांबू जिथं उभे राहतील ती बाजू रंगवायची, म्हणजे मागची! गजूनं बुरशी खरवडली, भेगा बुजवल्या, पाणी अडवणारा थर दिला आणि वर मोतिया रंग. मंगल खिडकीतून त्याला चहावर चहा देत होती.

मला वाटलं, अध्यक्ष आता तोंड लपवतील. कसलं हो! त्यांनी सोसायटीची पाटी उपटून मागच्या भिंतीवर ठोकली, नारळ फोडला आणि जाहीर केलं, "आजपासून समोरची बाजू ही!"

"आणि ती?" मी दरीकडे बोट केलं.

"ती मागची. तिचं पुढं पाहू."

टाळ्या पडल्या. साहेबांचं स्वतःचं घर दरीच्या बाजूला आहे, हे त्यांच्या ध्यानात यायला बायकोचा आवाज लागला.

खामगावला येऊन माझी चिडचिड काही दिवस गेली नाही. एवढं घसा फोडून बोलले, एक हात वर झाला नाही. आणि गजूच्या गुडघ्यांनी काम केलं! तुम्ही जाणार असाल तर घाटासाठी जा, कोणाला काही पटवायला जाऊ नका.

यंदा पाऊस दणकून झाला. फोन करायचा धीर होईना. शेवटी केलाच.

"भिंत कशी आहे गं?"

"कोरडी."

"आणि प्रकाशराव?"

"थांब, पाह्यतो." तिची पावलं गेली, परत आली. "भिंतीले पाठ टेकून बसले, पेपर वाचून राह्यले."

मी फोन ठेवला नाही. कान लावून ऐकत बसले. पेपराचं पान उलटल्याचा आवाज आला, खोकला आला नाही.