बरणीत फुगलेलं रबर

चुळबुळला कुणी तिच्या खऱ्या नावाने हाक मारल्याचं फारसं कुणाला आठवत नाही. बसल्या जागी तिचा एक पाय हलत असतो, आणि एखादी गोष्ट सुचली की ती आधी कामाला लागते, मग विचार करते. वडिलांच्या गॅरेजमध्ये ती हौसेने शिरली आणि तिथलीच झाली. वडील म्हणायचे, पोरीच्या अंगात बॅटरी आहे, फक्त स्विच बसवायचा राहून गेला.

वडील सस्पेन्शनचे मिस्त्री. चाकाला गाडीशी जोडणारे लोखंडी हात असतात, त्यांच्या टोकांना रबराचे बुश असतात. रस्त्याचे सगळे धक्के हे बुश निमूट पोटात घालतात. ते झिजले की गाडी खडखडायला लागते. नवा बुश बसवायचा म्हणजे घट्ट रबर त्याहून अरुंद भोकात प्रेसने, म्हणजे दाबयंत्राने, ढकलायचं. कोरडं रबर जाता जात नाही, म्हणून काहीतरी निसरडं लावायचं. वडील ग्रीस लावायचे. त्यांची उमेदवारी ट्रकच्या कारखान्यात झालेली. तिथे लोखंडावर लोखंड फिरायचं, आणि ग्रीस विसरणाऱ्याला उस्ताद दारात उभं करायचा. पुढे स्वतःचं गॅरेज काढलं, ट्रक जाऊन मोटारी आल्या, पण ग्रीसचा डबा तोच राहिला.

गेली काही वर्षं मात्र वडिलांनी बसवलेले बुश परत येऊ लागले होते. सगळ्यांचे नाही, काहींचेच. बुश बसवणारा हात थरथरतोय, तिरका जातोय, असं वडिलांच्या मनाने घेतलं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणणारे जगात पुष्कळ. हा गृहस्थ असा, की अंगण खरंच वाकडं असताना स्वतःच्या पायांना दोष देत बसला.

मग नर्सबाईंची गाडी आली, पुन्हा त्याच खडखडाटासह. बाई आडगावांतल्या बाळंतिणी बघत हिंडायच्या. त्यांनी तक्रारीचा एक शब्द काढला नाही. उलट म्हणाल्या, मिस्त्री, तब्येतीला जपा. ते वडिलांना फार लागलं. त्याच दिवशी त्यांनी प्रेस विकायची ठरवली. घेणारा शनिवारी येणार होता. प्रेस गेली की गॅरेज कशाला, आणि गॅरेज गेलं की हा माणूस दिवसभर करणार काय, या विचाराने चुळबुळला रडू आलं.

डोळे पुसत तिने नर्सबाईंच्या गाडीतून काढलेला बुश उचलला. बोट लावलं तर रबर चिकट, मऊ, कडेला फुगलेलं. चाकूने मधोमध कापलं, तर आतलं रबर नव्यासारखं टणक. बुश तिरका बसला असता तर एका बाजूने फाटला असता. हा तर जिथे जिथे ग्रीस लागलं तिथेच कुजला होता. म्हणजे दोष हाताचा नव्हता, ग्रीसचा होता. ती तशीच काळ्या हातांनी घरी धावली.

नवा कोरा बुश कापून तिने त्याचे तुकडे आईच्या काचेच्या बरण्यांत टाकले: एकीत ग्रीस, एकीत इंजिन ऑइल, एकीत भांड्यांचा साबण, एकीत सिलिकॉन ग्रीस. प्रत्येकीत एक खिळाही. शेजारच्या टायरवाल्याने विचारपूस करून, चिकार हसून, टायर रिमवर चढवायचा त्याचा मऊ साबण वाटीभर दिला. तो पाचव्या बरणीत गेला. आईने स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि विचारलं, माझ्या बरण्यांत आता मोटार मुरवत ठेवणार का? चुळबुळ म्हणाली, मुरू दे गं. आणि तासातासाला उठून झाकणं उघडत राहिली.

शुक्रवारपर्यंत निकाल लागला. ऑइलमधला तुकडा फुगून जेलीसारखा झाला होता, ग्रीसमधला त्याच्या पाठोपाठ. भांड्यांच्या साबणातलं रबर धडधाकट, पण खिळ्याला गंज. सिलिकॉनमधल्या रबराला काही झालं नव्हतं, पण बाहेर काढून ठेवलं तरी ते निसरडंच. आणि बुशाने तर एकदा बसल्यावर जागा घट्ट धरायची असते. टायरच्या साबणातला तुकडा तिने बाहेर काढून लोखंडी पट्टीवर दाबून ठेवला होता. साबण वाळला आणि तुकडा असा चिकटला की उपटायला पक्कड लागली. रबर जसंच्या तसं, खिळाही स्वच्छ. चुळबुळ स्वयंपाकघरात नाचली. अगदी खरोखर नाचली, आणि आईही हसत सुटली.

शनिवारी सकाळी ती बरण्या घेऊन वडिलांसमोर उभी राहिली. त्यांनी फुगलेला तुकडा दाबला, परत दाबला. मग प्रेसकडे बोट दाखवलं.

नर्सबाईंच्या गाडीचा लोखंडी हात प्रेसवर चढला. चुळबुळने बुशाला साबण फासला, वडिलांनी दांडा ओढला. बुश सरळ, एका दमात, आवाज न करता आत गेला. चुळबुळचे हात शिवशिवायला लागले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी ती गाडीखाली शिरली, लोखंडी हात जागेवर लावला आणि बोल्टवर पाना चढवून आवळायला निघाली. वडिलांनी तिचं मनगट धरलं.

"गाडी अजून जॅकवर लोंबतेय. आत्ता आवळलंस तर रबर पिळलेलंच राहील आणि खाली उतरल्यावर फाटेल. आधी चाकांवर उतरव, तिचं वजन तिला घेऊ दे, मग आवळ."

मनगटावरची ती पकड चांगली घट्ट होती, जराही थरथरत नव्हती. चुळबुळला ते जाणवलं. वडिलांनाही जाणवलं असावं, कारण त्यांनी हात लगेच सोडला नाही.

गाडी खाली उतरली, बोल्ट आवळले. चुळबुळने चक्कर मारून आणली, मुद्दाम खड्ड्यांतून. खडखड नावाला नव्हती. ती सांगत सुटली, खड्डा कुठला, वेग किती, स्टिअरिंग कसं. वडील स्टुलावर बसून फुगलेल्या तुकड्याकडे बघत होते.

"काहींचेच का गेले, ते आत्ता कळलं," ते म्हणाले. "इतर गिऱ्हाइकांना मी पुरतं तेवढंच ग्रीस लावायचो. नर्सबाईंना दुप्पट. अवेळी जातात, वाटेत अडकू नयेत म्हणून."

अति तिथे माती, हे चुळबुळच्या ओठावर आलं होतं. वडिलांचे डोळे भरलेले पाहून तिने ते गिळलं.

बाहेर टेम्पो थांबला. प्रेस घेणारा दोर घेऊन उतरला. वडील उठून दारात गेले, त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाले की हेलपाटा पडला, माफी असावी, पण प्रेस मोकळी नाही. मग ते चुळबुळकडे वळले.

"तुझ्या आत्याला फोन लाव, गाडी घेऊन ये म्हणावं. मग काकाला. मग तुझ्या शाळेच्या बाईंना. या सगळ्यांना दुप्पटच लावलंय. ज्यांच्यावर जीव आहे, त्या सगळ्यांना बोलाव."