भिंगरीला थांबवायचे उद्योग

आमच्या शिवणाच्या दुकानात तो आला तो मशीन दुरुस्त करायला. विशी नुकतीच ओलांडलेली, खांद्यावर अवजारांची पिशवी. आईवडील लहानपणीच गेलेले, कधी काकाकडे, कधी मावशीकडे वाढलेला. एका गावात वर्षभर काही टिकला नव्हता. काम संपलं की स्वारी निघाली. पायाला भिंगरीच ती. माझ्या सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी ‘ए भिंगरी’ म्हणून हाक मारली आणि तेच नाव चिकटलं.

मशीन दुपारीच चालू झालं. पण जेवताना त्यानं सासऱ्यांना असं काही हसवलं, की सासूबाई गेल्यापासून गप्प झालेला माणूस ठसका लागेपर्यंत हसला. मग आमच्या ह्यांनी त्याला कपाटाचं निखळलेलं दार दाखवलं. मी गळका नळ दाखवला. कापड बेतायच्या टेबलावर त्याचं अंथरूण पडायला लागलं.

घरातली मोडकी कामं पुरून पुरून किती पुरणार? संपली. त्यानं पिशवी भरली, आणि नेमका त्याच सकाळी मशीनचा पट्टा तुटला. पट्टा कोरा करकरीत, कात्रीची खूण ढळढळीत. मी सासऱ्यांकडे बघितलं, तर ते छताकडे बघत होते. मी तरी कुठल्या तोंडानं बोलणार? इस्त्रीची वायर मीच उपटून ठेवली होती. पुढे तर टाचणीसुद्धा जपून वापरणाऱ्या आमच्या ह्यांनी स्टुलाचा पाय मोडला. तेरी भी चूप, मेरी भी चूप.

असे महिने गेले. तो काजं करायला शिकला, सासऱ्यांचे, म्हणजे त्याच्या ‘आजोबां’चे पाय चेपायचा, मला ‘वहिनी’ म्हणत माझ्याशीच कडाकडा भांडायचा. पण हळूहळू संध्याकाळी पायरीवर बसून जाणाऱ्या ट्रककडे बघायला लागला. शीळ बंद झाली, जेवणावरची वासना उडाली. मला संताप आला, त्याचा नाही, आमचा. लाड करता करता आम्ही पोराला डांबून ठेवलं होतं.

एक दिवस मी सरळ सांगून टाकलं, “अरे, हे सगळं आम्हीच मोडतोय.”

“ठाऊक आहे, वहिनी. वायर काय आपोआप मुळासकट निघून येते?”

“मग गेला का नाहीस?”

तो हातातला पाना पुसत राहिला. “मला थांबवायला आजवर कुणी साधा खिळासुद्धा उपटला नव्हता. रोज निघायचं ठरवतो. आजोबांनी हाक मारली की पाय निघत नाही. आणि थांबलो की जीव घुसमटतो. मी करू काय?”

त्याचे डोळे भरले, माझेही. मला भाऊ नाही. असता तर त्यालाही याच्याइतकाच जीव लावला असता.

“जा,” मी म्हटलं. “आजोबांचं मी बघते.”

सासऱ्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला, बराच वेळ धरला, आणि सोडला. पिशवी घेऊन तो निघाला तो पायरीवरच थबकला.

“वहिनी, वाट बघत बसाल का हो माझी?”

त्याचा चेहरा बघितला आणि कळलं, ‘हो’ म्हटलं तर हा कोपऱ्यापर्यंतही जाणार नाही.

“वाट? आणि तुझी? इथं काजांचा ढीग पडलाय. मला काय दुसरे उद्योग नाहीत?”

कितीतरी दिवसांनी तो मोकळा हसला आणि ढांगा टाकत, वळून न बघता गेला.

त्याला आता बराच काळ झाला. अजूनही दाराची कडी वाजली की काज अर्धवट टाकून आधी मीच उठते.