मामांची पुढची फळी

समुद्रापासून एवढ्या लांब राहून समुद्रावरच्या व्यापाऱ्यांना एवढं रडकुंडीला आणणारा माणूस पृथ्वीवर दुसरा नसेल, आणि तो नेमका माझा धाकटा मामा निघाला. मामांनी समुद्र पाहिलेला नाही. पाहायची इच्छाही नाही. "खारं पानी. जनावर तोंड लावणार न्हाई त्याला," एवढ्यावर त्यांनी अख्खा अरबी समुद्र निकालात काढलेला आहे. त्यांचं सगळं आयुष्य आमच्या तलावावर गेलं. दिंद्रुडहून मोटारसायकलवर निघालात तर चहा निवायच्या आत तुम्ही तलावाच्या भिंतीवर उभे असाल. या तलावाखाली आमचं जुनं गाव आहे. गाव बुडालं तेव्हा मामा चार वर्षांचे होते. पुढं ज्यांची शेतं पाण्याखाली गेली त्यांनीच मच्छीमारांची सहकारी संस्था काढली, संस्थेनं होडी घेतली, आणि त्या होडीच्या पुढच्या फळीवर मामा जे बसले ते बसलेच.

पुढच्या फळीवर बसणाऱ्यानं बोट दाखवायचं आणि बाकीच्यांनी तिथं जाळं सोडायचं, असा आमच्या संस्थेचा रिवाज. मामा बोट दाखवत तेही पाण्याकडे न बघता. होडी तलावात असे आणि मामा गल्लीत. "पाराला वळसा घाल. आता डावीकडं. आरं, सुताराच्या भिंतीत घुसतू का काय?" एखादा हट्टानं सरळ गेला की जाळं खरोखरच सुताराच्या भिंतीत अडकून टरकन फाटे, आणि मामा मागं वळूनसुद्धा बघत नसत. डोंगरावरचा टॉवर आणि पंपहाऊसचा कोपरा एका रेषेत आले की मात्र ते हात वर करत. इथं गावाचा आड. आडावर जाळं टाकायचं नाही, ज्याचं पाणी पिऊन गाव वाढलं त्याच्या तोंडावर फास टाकायचा नाही, हा मामांचा कायदा. इंजिन बंद, वल्ही वर, आणि होडी आपल्या आपण तरंगत पलीकडे जाईपर्यंत सगळे गप्प. एकदा एकानं तिथं तंबाखू थुंकली, तर मामांनी त्याला पुढचे आठ दिवस काठावर बसवून जाळी विणायला लावली.

अशा माणसापुढं सरकारनं एक योजना आणून ठेवली. ज्या उन्हाळ्यात आमच्या गावाला प्यायला टँकर येत होता, त्याच उन्हाळ्यात आमची होडी भर समुद्रात वाट चुकू नये अशी चिंता कुणाला तरी लागली. होडीसाठी दिशा दाखवणारं आणि मासे शोधणारं यंत्र मिळणार होतं. मी तेव्हा पत्रकं काढत असे, अजूनही काढतो, आणि या प्रकाराची सालटी काढणारं एक पत्रक मी लिहायलाही घेतलं होतं. पण माहितीपुस्तिका वाचता वाचता माझंच मन फिरलं. पाणी उतरत होतं. भिंतींची टोकं वर येत होती, जाळी फाटत होती, मासा खोलगटात दडून बसत होता. अशा वेळी यंत्र हवंच. मी पत्रकाचा मथळा उलटा केला आणि यंत्राच्या बाजूनं गावभर बोलत सुटलो. नियम असा की तीन व्यापाऱ्यांकडून कोटेशन घ्यायचं, तिन्ही यंत्रं पाण्यावर पारखायची आणि एक निवडायचं. निवडायचं कुणी? बैठकीत एकमतानं ठरलं, मामांनी. स्वतःची सवत पसंत करायला एखाद्या बाईलाच पाठवावं, तसा तो ठराव होता, पण तेव्हा माझ्या ते लक्षात आलं नाही. हातसुद्धा मीच पहिला वर केला होता.

त्या संध्याकाळी काठावर मामा मला म्हणाले, "मासा कुठं हाय ते यंत्र दावणार. मग मी कुठं बसू बे?"

मी म्हणालो, मामा, प्रश्न व्यक्तीचा नाही, संस्थेचा आहे. हे वाक्य माझ्या तीन पत्रकांत होतं. मामांनी मान डोलावली आणि जाळं झटकायला घेतलं. कोरडं जाळं ते झटकत राहिले.

पहिला व्यापारी कोकणातून रात्रभर प्रवास करून मांजरसुंब्याला उतरला. मी त्याला धाब्यावर जेवू घालून मोटारसायकलवरून आणला. त्यानं होडीत बसताच सांगितलं की या यंत्रात भरती-ओहोटीचं वर्षभराचं वेळापत्रक आहे. मामांनी अत्यंत आदरानं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "भरती आमच्याकडं कवा येईल ते देवाला ठावं. वहटी मातर नेमानं येती, तिला यंत्र लागत न्हाई." दुसऱ्याचं यंत्र खोली फुटात आणि मीटरमध्ये सांगत होतं. मामांना ती परसात हवी होती. आमच्याकडं विहिरीची खोली परसात मोजतात, एक परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला एक माणूस. व्यापाऱ्यानं विचारलं, माणूस किती उंच धरायचा? मामा म्हणाले, "बुडणारा." तिसऱ्याची फजिती सगळ्यांत मोठी. त्याच्या यंत्रात नकाशा होता आणि नकाशात आमचा तलावच नव्हता. होडी पाण्यावर डुलत होती आणि पडद्यावर ती सरळ जमिनीवरून चालली होती. व्यापारी गोरामोरा झाला, नकाशा जुना आहे म्हणून माफी मागू लागला. पण मामा पडद्याकडे असे बघत राहिले की जणू गावाकडचं कुणी भेटलं. "कावून माफी मागतू? बराबर हाय की. खाली गावच हाय. एवढं एकच शानं निघालं."

तरी तेही नापास झालं, कारण शेवटची परीक्षा तिघांना एकच होती. होडी आडावर नेऊन उभी करायची आणि यंत्रानं आड दाखवायचा. भोवती सपाट तळ आणि मध्येच एकदम खोल, इतकं सोपं उत्तर. पहिल्या यंत्रानं सपाट तळ दाखवला. दुसऱ्यानंही. तिसऱ्याच्या वेळी आम्ही माजलगावहून बॅटरीवाले चाचा बोलावले होते. रेडिओपासून पंपापर्यंत आमच्या भागातल्या सगळ्या बिघडलेल्या वस्तू त्यांच्याच हातून सुधारतात. चाचांनी बॅटरी बदलली, वायरी तपासल्या, पाण्यात सोडलेला सेन्सर काढून फडक्यानं पुसला. तळ सपाटच.

"मामू, मशीन झूट नई बोलरी," चाचा हळूच म्हणाले.

"मंग माजा आड बोलतू का झूट?"

चाचांनी फडकं खिशात घातलं. तिन्ही यंत्रं परत गेली. यंत्राला आड सापडत न्हाई, ते मासा काय शोधणार, असा शेरा मामांनी बैठकीत दिला आणि पुढच्या फळीवर नव्या दमानं जाऊन बसले. मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

मग तलाव उतरत उतरत एवढा उतरला की वैशाखात गाव वर आलं. आधी देवळाचा चौथरा, मग भिंती, मग गल्ल्या. सगळं मामा सांगत तसंच, पार पारापाशी, सुतार सुताराच्या जागी. सगळे लोक भेगाळलेल्या गाळातून मामांच्या मागून चालले होते आणि मामा नवरदेवासारखे पुढं. स्वतःच्या घराच्या उंबऱ्यापाशी ते थांबले, डावीकडं वळले आणि वीस पावलं मोजून म्हणाले, "ह्यो आड."

तिथं काही नव्हतं. सपाट गाळ होता. यंत्रानं दाखवला तसा.

आड सापडला तो पार गावाच्या दुसऱ्या टोकाला, वेशीबाहेर, उताराच्या तळाशी. म्हणजे जिथं आम्हाला सगळ्यांत मोठे कटला मासे मिळत तिथं. आडाच्या काठावर आमच्याच संस्थेची फाटकी जाळी थराथरानं लटकत होती. एवढी वर्षं आम्ही मोकळ्या जमिनीवर वल्ही वर करून गप्प बसत होतो आणि आडात मात्र न चुकता जाळं टाकत होतो. कुणी हसलं नाही. मामा परत जाऊन उंबऱ्याच्या दगडावर बसले ते उठेचनात.

शेवटी मी घरी जाऊन आईला घेऊन आलो. आई त्यांची थोरली बहीण, त्यांची अक्का. तिनं आडाच्या दिशेला पाहिलं, भावाकडं पाहिलं, आणि म्हणाली, "लांबच व्हता की आड. दोन घागरी डोक्यावर आन् तू कडंवर. उन्हात पाय पोळायचे माजे. तुला कशाला लांब लागंल? तू कवा चाललास?"

मामा म्हणाले, "मंग सांगितलं कावून न्हाईस, अक्का?"

"मला कवा कुनी इचारलं?"

खरं होतं. संस्था निघाली, होडी आली, बैठका झाल्या, तीन कोटेशनं झाली, माझी पत्रकं झाली. आड कुठं होता हे त्या आडाचं पाणी वाहणाऱ्या एकाही बाईला आमच्यातल्या एकाही माणसानं विचारलं नाही. सरकारला मी चार पानं शिव्या घातल्या होत्या. हे एक वाक्य त्यांत कुठं नव्हतं.

पुढच्या बैठकीत मामा स्वतः उभे राहिले आणि तिसरं यंत्र मागवा म्हणाले, जमीन दाखवणारं. ते आलं तेव्हा होडी तरंगायलाही पाणी उरलं नव्हतं, म्हणून आम्ही त्याची स्थापना पायी केली. पुढं आई, तिच्यामागं यंत्र छातीशी धरून मामा, त्यांच्यामागं बॅटरी खांद्यावर घेतलेले चाचा, आणि सेन्सर धुळीत फरफटत येत होता. आई एकेका जागी थांबून "हितं" म्हणे आणि मी ती जागा यंत्रात नोंदवी. सुताराची भिंत. पार. मामांचा उंबरा. सगळ्यांत शेवटी आड. त्या नोंदीला मामांनी घंटी लावून घेतली, होडी जवळ गेली की वाजणारी.

पुढच्या पावसाळ्यात तलाव भरला. पुढच्या फळीवर आता यंत्र असतं. होडीवरची पोरं मामांना मागं बसायला जागा करून देत होती, मामा गेले नाहीत. आता होडी सुटायच्या वेळी ते आमच्या अंगणात येऊन बसतात, आई चहा ठेवते, आणि मामा होडीवर फोन लावून एकच प्रश्न विचारतात, "वाजली का?" वाजली, असं उत्तर आलं की फोन मांडीवर ठेवून म्हणतात, "अक्का, पोरं आडापाशी पोचली."

"दोर नेलाय का इचार," आई चुलीकडूनच म्हणते.

मामा हसतात. मग तलावाच्या दिशेला तोंड करून, चहा निवेपर्यंत, वल्ही वर केल्यासारखे गप्प बसून राहतात.