पुण्यात चर्चच्या हॉलमध्ये एक दिवस ऑफिस

चार वर्षं मी साताऱ्यात घरून काम करतेय. यंत्रांसोबत येणाऱ्या माहितीपुस्तिका मराठीत आणणं हे माझं काम. नवरा महिन्यातले पंधरा दिवस फिरतीवर. एका दुपारी कुरिअरवाल्याला "सही कुठे करू?" असं विचारलं आणि लक्षात आलं, सकाळपासून तोंडातून निघालेलं हे पहिलंच वाक्य. चार-पाच जणांनी एकत्र बसून काम करायची जागा आपल्या गावात काढता येईल का? ते बघायला दोन दिवस पुण्याला निघाले.

पहाटेची एसटी धरली तर नवाच्या सुमारास स्वारगेट येतं. बिबवेवाडीत आत्येबहिणीकडे पिशवी टाकली आणि रिक्षाने कोथरूड गाठलं. तिथली दिवसाच्या भाड्याने टेबल देणारी जागा चकाचक, चहा-कॉफी हवी तेवढी. भिंतीवर पाटी: "फोनवरचे भांडण जिन्यात करावे." पण सगळ्यांच्या कानात हेडफोन. संध्याकाळी निघाले तेव्हा मी आले होते हेही कुणाला ठाऊक नव्हतं. घरी करते तेच इथे एसीत बसून केलं.

दुसऱ्या दिवशी बसने कॅम्पात. बनमस्का खाऊन एका जुन्या चर्चच्या मागच्या हॉलमध्ये पोचले. रविवार सोडला तर हा हॉल रिकामाच असायचा. याच चर्चमध्ये वाढलेल्या मार्था साळवेने, ती पुस्तकांची मुखपृष्ठं करते, पास्टरांना विचारून तिथे टेबलं मांडली. आता आठ जण येतात. झाडलोट आळीपाळीने, जमेल तेवढं देणगीपेटीत.

"आधीच सांगते," ती हळूच म्हणाली, "रविवारी चर्चच्या लोकांची आमच्याबद्दल सभा आहे. जागा राहील की नाही, तेव्हा ठरेल. शिंदेकाका विरोधात आहेत."

काका दारातच बसले होते. निवृत्त मराठी शिक्षक. "आपण नवीन?"

"साताऱ्याहून आलेय. बघायला."

"बघा. देवाच्या घरात वायफाय किती जोरात चालतं ते."

अकराच्या सुमारास पास्टर आले. चर्चच्या मंडळीतल्या एलिझाबाई पहाटे गेल्या होत्या. तीनला अंत्यविधी, नंतर लोक हॉलमध्ये जमणार. मला वाटलं, आता सगळे लॅपटॉप उचलून घरी जातील. मार्थाच्या शेजारी बसणारा जुनैद, तो वेबसाइट बनवतो, उठून म्हणाला, "काका, खुर्च्या किती लावायच्या?"

"शंभर. तुम्ही निघा, मी लावतो."

"एकटे?"

जुनैदने टेबल उचललं, मार्थाने दुसरी बाजू धरली. मी कप विसळायला लागले. तेवढ्यात पास्टरांनी विचारलं, एलिझाबाईंबद्दल दोन शब्द छापून वाटता येतील का? प्रिंटर तिथेच होता, आणि मराठी टाइप करणं माझं रोजचं काम. सांगायला काका बसले. बाई आणि ते तीस वर्षं एकाच शाळेत शिकवत होते.

"ऱ्हस्वदीर्घ नीट बघा. बाई माझ्यासुद्धा चुका काढायच्या." मग बाईंची शाळा, त्यांचे विद्यार्थी, त्यांचा करडा आवाज. "मुलांना त्या कधी..." इथे ते थांबले. चष्मा काढून पुसत राहिले. मी कीबोर्डवरून हात काढून घेतले आणि वाट पाहिली. खूप वेळाने ते म्हणाले, "कधी रिकाम्या पोटी वर्गात बसू दिलं नाही. लिहा."

तीनच्या आत कागद छापून तयार होते. लोक आले, रडले, चहा प्याले, बाईंच्या आठवणींनी हसलेसुद्धा. पाचला हॉल रिकामा झाला तेव्हा काका मार्थाजवळ आले.

"रविवारी मी बोलणार होतो, की हे बंद करा."

"माहितीये काका."

"आता एवढंच बोलेन, की टेबलांची घडी होत असेल तर बरं. उचलताना तुमचा तो जुनैद धडपडतो."

साताऱ्याला परतताना वायफायचा वेग आणि टेबलांची मापं टिपलेली वही उघडावीशी वाटली नाही. आठवत होता तो काकांचा थांबलेला आवाज, आणि त्या वेळी त्यांच्या शेजारी कुणीतरी होतं ही गोष्ट. रविवारी मार्थाचा फोन आला: जागा राहिली. सोमवारी मी आमच्या पेठेतल्या वाचनालयाच्या अध्यक्षांकडे गेले आणि वरची बंद खोली मागितली. ते म्हणाले, "धूळ फार आहे."

मी म्हटलं, "झाडू घेऊनच आलेय."