व्याह्यांचं जपानी मंगलाष्टक

आमच्या व्याह्यांच्या गाडीत एकदा बसलेला माणूस पुन्हा पूर्वीसारखा होत नाही, असं माझं ठाम मत आहे. मी कॅनडातल्या रेजिनाचा रहिवासी. उणे तीसमध्ये हायवेवर बंद पडलेल्या गाडीत बसून टो-ट्रकची वाट बघितलेला माणूस आहे. पण ओटावाच्या विमानतळापासून व्याह्यांच्या घरापर्यंत जाताना माझ्या छातीत जी धडधड झाली, तशी पूर्वी कधी झाली नव्हती. कारण व्याही गाडी चालवताना गातात, आणि जे गातात ते जपानी असतं. जपानात एक गाणारी जोडी होती, एक तो आणि एक ती. त्यांच्या प्रेमगीतांनी एके काळी तिथल्या पोरापोरींना वेड लावलं होतं म्हणे. ती पोरंपोरी आता शहाणी होऊन पेन्शनीला लागली असतील, आमचे व्याही मात्र अजून तिथेच आहेत. सूर वर चढला की त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवरून उठतात, डोळे अर्धवट मिटतात आणि गाडी बर्फावरून आपल्या मनाने चालू लागते. मी दाराचा दांडा घट्ट धरला की म्हणायचे, ‘‘घाबरू नका व्याहीबुवा, विंटर टायर्स नवे आहेत.’’

त्याहून जीव घ्यायचा तो मधला थांबा. एक ओळ म्हणून झाली की व्याही एकदम गप्प व्हायचे. समोरच्या काचेतून बघत राहायचे आणि मग काहीच न झाल्यासारखी पुढची ओळ उचलायचे. पहिल्या वेळी मला वाटलं, विसरले बिचारे. म्हणून मी उगाच खोकलो. तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं, ‘‘ही ओळ तिची आहे.’’ ती म्हणजे आमच्या विहीणबाई. आमची मुक्ता आणि त्यांचा ईशान एकमेकांना भेटायच्या आधीच त्या गेल्या. व्याह्यांचं लग्न झाल्याझाल्या कंपनीने त्यांना पुण्याहून जपानात नागोयाला पाठवलं होतं. तिथल्या एवढ्याशा खोलीत आधीचा भाडेकरू त्या जोडीची एक कॅसेट विसरून गेला होता. दोघांना ना भाषा येत होती ना कुणाची ओळख. मग संध्याकाळी करायचं काय? त्यांनी ती कॅसेट तोंडपाठ केली, त्याच्या ओळी यांनी आणि तिच्या ओळी त्यांनी. पुढे कॅनडात आल्यावरही वरण शिजायला दोन गाणी आणि पोळ्यांना तीन, असा त्या घरचा हिशेब होता. विहीणबाई गेल्या तरी व्याह्यांनी गाण्यांची वाटणी मोडली नाही. त्यांच्या ओळीला हात लावायचा नाही, एवढंच.

या वाटणीपायी एकदा अँब्युलन्स आली होती. व्याही ड्राइव्हवे शोव्हल करताना गातात. स्वतःच्या ओळीला बर्फ उपसायचं आणि तिच्या ओळीला फावड्यावर रेलून स्तब्ध उभं राहायचं, अशी पद्धत. शेजारच्या फ्रेंच बाईंनी खिडकीतून हे बघितलं. म्हातारा दोन फावडी मारतो आणि फावडं छातीशी धरून थांबतो, पुन्हा दोन मारतो आणि थांबतो. त्यांनी घाबरून फोन केला. पॅरामेडिक्स आले तेव्हा व्याही नेमके तिच्या ओळीत होते, त्यामुळे काही बोलेनात. त्यांना स्ट्रेचरवर आडवं केलं आणि पट्टे आवळले, तेव्हा पुढची ओळ सुरू झाली. त्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं आणि डोक्याला काही मार लागलाय का, ते तपासायला घेतलं.

हे सगळं मी हसत सांगतोय, पण ईशानला यातलं काहीच हसण्यासारखं वाटत नव्हतं. तो वडिलांच्या गाडीत बसायचाच नाही. विमानतळावरून सामानाच्या दोन बॅगा ओढत ओटावाच्या लोकलने, ओ-ट्रेनने यायचा, पण गाडीत नाही. मला हे मुक्ताने सांगितलं. ‘‘बाबा, त्याला गाण्याचा प्रॉब्लेम नाहीये. त्याला तो पॉज सहन होत नाही. ही जस्ट कान्ट.’’ बापलेकांचं बोलणं हळूहळू हवामान आणि गाडीचं ऑइल चेंज एवढ्यावरच येऊन ठेपलं होतं. दोघंही माणसं सोन्यासारखी, आणि मधे ती एक रिकामी ओळ.

अशात लग्नाचा मुहूर्त ठरला, तोही रेजिनात आणि तोही ऐन फेब्रुवारीत. आणि महिनाभर आधी व्याह्यांचा फोन आला. ‘‘व्याहीबुवा, एक मंगलाष्टक माझं धरा. शब्द मी रचलेत, मराठीत. चाल आमची नागोयाची.’’ मी खुर्चीत बसलो. संध्याकाळी मुक्ताचा फोन. ‘‘ईशान म्हणतो, बाबांनी ते गाणं म्हटलं तर मी अंतरपाटामागून सरळ निघून जाईन. ही मीन्स इट. प्लीज, तुम्ही बोला ना त्यांच्याशी.’’ मी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, ‘‘मुलीकडच्यांनी वरपित्याला सांगायचं, गाऊ नका म्हणून? डोकं ठिकाणावर आहे का?’’ तेव्हापासून माझी झोप उडाली. हॉल, केटरर, सॅस्कटूनहून येणारे भटजी, बर्फाचं वादळ, या सगळ्यांची काळजी मी आनंदाने करत होतो, कारण त्या काळज्यांवर काहीतरी उपाय होता. पण भर मांडवातून मुलगा निघून गेला तर माझ्या लेकीने हातात हार धरून कुणाकडे बघायचं?

लग्नाच्या आदल्या सकाळी देव पावला असं वाटलं. मुक्ताची युनिव्हर्सिटीतली जपानी मैत्रीण युको घरी आली होती. व्याही स्वयंपाकघरात खोबरं खवता खवता गुणगुणत होते. युको ऐकत उभी राहिली आणि मग मला बाजूला घेऊन हळूच इंग्रजीत म्हणाली, ‘‘हे लग्नात म्हणणार आहेत का? फार सुंदर गाणं आहे, पण निरोपाचं आहे. बोट सुटते आणि एकजण धक्क्यावर मागे राहतो.’’ मला त्या मुलीला साष्टांग नमस्कार घालावासा वाटला. लग्नात निरोपाचं गाणं म्हणजे अशुभ! आता कुणाचं मन न दुखवता हे प्रकरण मिटणार होतं. मी लगेच व्याह्यांना फुलं आणायला म्हणून बाहेर काढलं. गाडी अर्थातच मी चालवली. पहिल्या सिग्नलला मी घसा साफ केला आणि अगदी वाईट वाटल्याचा चेहरा करून गाण्याचा अर्थ त्यांच्या कानावर घातला.

‘‘ठाऊक आहे,’’ व्याही म्हणाले. ‘‘ईशानच्या आईने तो नागोयालाच, पुढे ओळख झालेल्या शेजारणीला विचारून घेतला होता. मला इतकी वर्षं सांगितला नाही. म्हणायची, तुम्ही इतके खुशीत गाता, कशाला विरजण घालू? सांगितला तो शेवटी, हॉस्पिटलात. म्हणाली, ईशानच्या लग्नात हेच म्हणा. बोट त्याची सुटायची आहे, धक्क्यावर आपण.’’

मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा सिग्नल हिरवा झाल्याचं मला कळलं. ‘‘मग ईशानला सांगितलंत का हे?’’ मी विचारलं.

‘‘कुठे सांगू? गाडीतच बसत नाही तो.’’ आणि मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘‘तुम्हीही सांगू नका. आईचं नाव घेतलं की तो नाही म्हणू शकणार नाही. तसलं ऐकणं मला नको.’’ माझ्या हातात होतं ते हत्यार तर गेलंच, वर तोंडाला कुलूपही लागलं. फुलं कुठली घेतली हेही मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी पैठण्यांखाली स्नो बूट घालून मंडळी आली. अंतरपाट धरला गेला. एका बाजूला माझी मुक्ता, दुसऱ्या बाजूला ईशान. एका मावशींनी मंगलाष्टक म्हटलं, एका काकांनी दोन म्हटली, प्रत्येक ‘सावधान’ला अक्षता पडत होत्या आणि मी उरलेली मंगलाष्टकं बोटांवर मोजत होतो. मग व्याही पुढे झाले. पगडी सारखी केली आणि त्यांनी सूर लावला. पहिल्याच सुराला ईशानचा चेहरा दगडासारखा झाला. त्याने हातातला हार खाली केला. पलीकडे मुक्ताला काही दिसत नव्हतं, तरी तिने डोळे मिटून घेतले होते. गृहस्थाश्रम, सासर, माहेर असले मराठी शब्द त्या परक्या चालीत कसेबसे बसवलेले होते. एरवी मी पोट धरून हसलो असतो. ओळ संपली आणि व्याही थांबले.

सगळा हॉल थांबला. लोकांना वाटलं, संपलं. अक्षतांच्या मुठी वर गेल्या. भटजींनी ‘सावधान’ म्हणायला तोंड उघडलं, तोच मी त्यांचं उपरणं मागून असं खेचलं की शब्द त्यांच्या घशातच राहिला. ईशानने एक पाऊल मागे घेतलं. संपलं, मी म्हटलं. गेला पोरगा. आणि तेवढ्यात अंतरपाटामागून आवाज आला. बारीक, कापरा, कॅनेडियन वळणाचा, पण जपानी. ईशान आईची ओळ म्हणत होता. अर्थ त्याला ठाऊक नव्हता, पण वरण शिजताना आणि पोळ्या होताना ऐकलेलं सगळं त्याच्या आत जसंच्या तसं होतं. व्याह्यांनी दचकून वर बघितलं. पुढची ओळ त्यांची होती, ती त्यांना पटकन सापडेना. सापडली तेव्हा सुरात नव्हती. मग त्याची आणि मग यांची, असं ते कडवं पुरं झालं. नवऱ्या मुलाने स्वतःच्याच लग्नात मंगलाष्टक म्हटल्याचं भटजींनीही कधी पाहिलं नव्हतं. ‘सावधान’ म्हणताना त्यांचाही आवाज घोगरा झाला, आणि ते उपरण्यामुळे नव्हतं.

आता ईशान वडिलांच्या गाडीत बसतो. मुक्ता सांगते, दोघं मिळून गातात आणि दाराचा दांडा ती धरते. लग्नानंतर सासरी जाताना तिने ते गाणं माझ्या फोनवर घालून दिलं होतं. मी हसून म्हटलं होतं, ‘‘मला काय करायचंय ते?’’ पण ग्रोसरीला जाताना मी लावतो. रेजिनाचे रस्ते सरळ आणि शेजारची सीट रिकामी. शाळेपासून युनिव्हर्सिटीपर्यंत मुक्ता तिथे बसून माझ्या ड्रायव्हिंगवर टीका करत आलेली. बोट कुणाची सुटणार हे मी महिनाभर धावपळ करताना एकदाही मनात आणलं नव्हतं. व्याह्यांना बहुतेक ते आधीच कळलं होतं. दर रविवारी त्यांचा फोन येतो. ‘‘व्याहीबुवा, चाल बसली का? म्हणत जा, थांबू नका मधे.’’ मी हो म्हणतो. माझी ओळ मी खरोखर म्हणतो, बऱ्यापैकी बेसूर. मग तिची ओळ येते, आणि मी गाडी जरा हळू घेतो.